एका अंगठ्यावर विकलं गेलेलं जवस

आपल्या घरच्या ग्रुपवर पहाटेपासून रात्रीपर्यंत जो अंगठा (मोबाईलवरचं 👍 चित्र) फिरतो, त्याच अंगठ्यानं इथं कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात एक शेतकरी सौद्यात बांधला गेला. तोही जवसाच्या! निपाणीत जवसाच्या चटणीवर वाढलेल्या मला हा खटला डोक्यातून काढताच येत नाही.

मार्च 2021मध्ये धान्य कंपनीच्या माणसानं त्याच्याशी फोनवर बोलून 87 टनांच्या कराराचा फोटो पाठवला. भाव बुशेलला (धान्याचं इथलं माप) 17 डॉलर, माल नोव्हेंबरात, कन्फर्म करा. यानं नुसता अंगठा टाकला. नोव्हेंबरात भाव 41 डॉलरवर गेला आणि माल काही पोचला नाही. ‘कागद मिळाला एवढंच मी कळवलं होतं,’ हे त्याचं म्हणणं. उद्या मुठीचा आणि हस्तांदोलनाच्या चित्राचा अर्थही कोर्टानंच लावायचा का, असं त्याच्या वकिलानं विचारलं. जून 2023मध्ये निकाल लागला: अंगठा म्हणजे होकार, आणि सहीसुद्धा. भरपाई 82,200 डॉलर. 2024मध्ये अपिलातही तोच निकाल राहिला.

न्यायाधीशांनी नुसतं चित्र पाहिलं नाही, हे मला फार आवडलं. आधीच्या सौद्यांतही हा ‘ओके’, ‘यप’ एवढंच लिहायचा आणि माल बिनतक्रार घालायचा. त्याची ती रीत कोर्टानं धरली.

पण सहीवर एवढा काथ्याकूट का? इथं 50 डॉलरच्या पुढचा सौदा सहसा सहीनिशी लेखी लागतो म्हणून. आपला 1930चा मालविक्री कायदा तोंडी सौदाही मानतो. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून बैलजोडी विकली जाते, हे मी इथं अभिमानानं सांगते. तोंडी सौद्यात मार शेतकऱ्यालाच बसतो, असं कुणी म्हणेल. खरं आहे. शेतात ठरलेला तंबाखूचा भाव वखारीत गेल्यावर कसा उतरतो, ते आमच्या घरानं सोसलंय. 1981मध्ये निपाणीचे शेतकरी हायवेवर उगाच नाही बसले! पण ते पाप व्यापाऱ्याचं, आपल्या कायद्याचं नव्हे.

तरी अण्णांना मी कालच फोन केला. ईमेलवरच्या होकारानं करार होतो, हे आपल्या सुप्रीम कोर्टानं 2010मध्येच मानलंय. मग मोबाईलवरच्या अंगठ्यापर्यंत पोचायला कितीसा वेळ? व्यापाऱ्याचा मेसेज आला तर अंगठा टाकू नका, ‘वाचलं, भाव अजून ठरायचाय’ असं पूर्ण लिहा, म्हटलं. त्यांनी उत्तरादाखल अंगठाच पाठवला.

मी पुन्हा फोन लावला.