तुझी लाइन नक्की कोणती?

लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न हमखास येतो. मावशी विचारते तेव्हा त्यात काळजी असते, कॉलेजातले ज्युनिअर विचारतात तेव्हा कुतूहल, आणि मुलाखतीला समोर बसलेले साहेब विचारतात तेव्हा संशय. "सिव्हिल इंजिनिअर ना तुम्ही? मग हे भूगर्भशास्त्र, समाजशास्त्र, पाण्याचे कायदे मध्येच कुठून आले?" पंगतीत मी "पाण्याचं काम करते" एवढं सांगून जिलेबी वाढून घेते. पण गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात तिघांनी विचारलं, म्हणून एकदा बैजवार सांगते.

सगळं एका बंधाऱ्यापासून सुरू झालं.

डिग्रीनंतरची पहिली नोकरी सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. जिल्हा एकच, पण महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि इकडे ५०० च्या आसपास, तोही बराचसा परतीचा. एका संस्थेसाठी सिमेंट नाला बांध बांधायचे होते. माझ्या वाट्याला आलेला बांध १८ मीटर लांब, २ मीटर उंच. पाणलोट क्षेत्र, येवा (किती पाणी येणार), पाया, सांडवा (जादा पाणी जायची वाट), सगळं मी काढलेलं. सप्टेंबरात बांध तुडुंब भरला. सरपंचांनी नारळ फोडला, माझा फोटो आईने देवघराशेजारी लावला. दिवाळीपर्यंत बांध रिकामा झाला, तेव्हा मी अहवालात आनंदाने लिहिलं, 'पाणी मुरलं.'

फेब्रुवारीत खालच्या अंगाच्या विहिरी बघायला गेले. नऊ विहिरी. एकीचंही पाणी तसूभर वर आलेलं नव्हतं.

विहिरी पाडण्यात हयात गेलेले एक तात्या तिथे शेळ्या घेऊन बसलेले होते. त्यांनी माझी पळापळ बराच वेळ बघितली असावी. म्हणाले, "बांध झ्याक बांधलाय म्याडम. पर गेरूवर बसवलाय. पानी खाली जाईल कशावरनं? गेलं आडवं, पल्याडच्या वड्याला." मग त्यांनी मला चढण ओलांडून पलीकडे नेलं. ओढ्याच्या काठाला जमिनीत एक लाल पट्टी दिसत होती आणि तिच्या बरोबर वरच्या कडेने, ऐन फेब्रुवारीत, ओल होती. हिरवं गवत होतं. खाली डबक्यात दुसऱ्याच गावची गुरं पाणी पीत होती. माझ्या आकडेमोडीत ते गाव कुठेच नव्हतं.

आता गंमत अशी की भूगर्भशास्त्र आम्हाला होतं. दुसऱ्या वर्षाला, इंजिनिअरिंग जिऑलॉजी नावाने. लाकडी पेटीत दगडांचे तुकडे ठेवलेले असायचे, व्हायवाला ते ओळखायचे. काळा, जड, बारीक कणांचा म्हणजे बेसॉल्ट. सर पुढच्या मुलाकडे वळले की सुटलो. पायाच्या धड्यातही तेच, खोदताना कठीण खडक लागला की खुशाल पाया घ्या. बेसॉल्ट म्हणजे चांगला दगड, विषय संपला. इमारत उभी करणारा त्या दगडाला एकच गोष्ट विचारतो, तू भार घेशील का? पाणी शोधणारा विचारतो, तुझ्यात चिरा किती आहेत आणि त्या एकमेकींना मिळतात का? दगड तोच असतो, पण दुसरा प्रश्न मला कुणी शिकवलेलाच नव्हता.

मग मी शनिवार-रविवार एका भूवैज्ञानिकाच्या मागे हिंडायला लागले. कंबरेला दोर बांधून कोरड्या विहिरीत उतरायचं आणि भिंत वाचायची. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग याच दगडाचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर असा पसरत गेला आणि प्रत्येक थराचा स्वभाव वेगळा झाला. थराच्या पोटातला काळा पाषाण घट्ट, चिरा असतील तरच पाणी देणार. माथ्याकडचा भाग वायूच्या बुडबुड्यांच्या भोकांचा, पुढे ती भोकं पांढऱ्या खनिजांनी भरलेली. गावात त्याला मांजऱ्या म्हणतात. तो झिजला की पाणी धरून ठेवतो. आणि मधूनच दोन थरांमध्ये गेरू, लाल, चिकणमातीसारखा, पाण्याला सहसा खाली न सोडणारा. पाणी त्याच्यावर टेकतं आणि ज्या बाजूला उतार त्या बाजूला चालू लागतं. तात्यांनी एका वाक्यात सांगितलेलं समजायला मला पाच महिने लागले.

त्याच सुमाराला डार्सीबद्दल वाचलं. जमिनीतल्या पाण्याच्या वहनाचा त्याचा नियम आम्ही परीक्षेत हजारदा लिहिला होता. पण हेन्री डार्सी हा फ्रान्समधल्या दिजाँ शहराला पाणी आणणारा इंजिनिअर होता, आणि तो नियम त्याच्या १८५६ च्या शहराच्या पाणीपुरवठ्यावरच्या जाडजूड ग्रंथात मागे परिशिष्टात आलाय, हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. उभ्या नळात वाळू भरून त्याने प्रयोग केले. वाळूत! माझ्या माणच्या दगडात वाळू नाही, भेगा आहेत. सूत्र चुकीचं नव्हतं. ते कुठल्या मातीत जन्मलं ते न बघता मी ते दुसरीकडे लावत होते.

इथपर्यंतचं ऐकून लोक म्हणतात, बरं, म्हणजे सिव्हिलची जिऑलॉजी झाली. तिथेच थांबले असते तर घरचेही खूश झाले असते. पण मग आला परस.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तीन गावांतल्या विहिरींचा सर्व्हे करत होतो. कुठे मोजपट्टी टाकायची, कुठे मोटर चालू असल्यामुळे किंवा कठडा ढासळल्यामुळे मालकालाच विचारायचं. माझ्या फॉर्मवर रकाना होता, 'पाण्यापर्यंतची खोली (मीटर)'. एक आजोबा म्हणाले, "सात परस." मी ७ लिहिलं. दुसरे म्हणाले आठ, मी ८ लिहिलं. परस म्हणजे उभ्या माणसाएवढं माप, आमच्या भागात साडेपाच-सहा फूट. सात परस म्हणजे बारा मीटरच्या आसपास. मी नकाशा काढला तेव्हा गावाच्या मधोमध भूजलाचा एक सुंदर उंचवटा दिसत होता. ऑफिसात त्यावर चर्चा झाली. तिथे खाली काहीतरी अडसर असेल असा एक तर्कही मी ठणकावून मांडला. तो उंचवटा म्हणजे परसात बोलणारी म्हातारी माणसं होती, दुसरं काही नाही.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की प्रश्न विचारणं ही शिकायची गोष्ट आहे. 'विहिरीला पाणी किती?' या प्रश्नाला "बरं हाय" हेच उत्तर येतं. 'मोटर एका दमात किती तास चालते?' विचारलं की बोटावर मोजून आकडा येतो. आणि तोच प्रश्न बाईला विचारला तर तिसरीच माहिती मिळते. पुरुषाच्या लेखी मोटर बंद पडली की विहीर आटली. बाईच्या लेखी पोहऱ्याला पाणी लागतंय तोवर ती जिवंत असते. माझ्या कागदावर दोघांसाठी एकच रकाना होता. हे ज्यांनी आधीच नीट विचार करून ठेवलं होतं ती माणसं समाजशास्त्राची निघाली. त्यांची पुस्तकं मी इंजिनिअरच्या तोऱ्यात उघडली, 'यात काय एवढं' म्हणत, आणि पहिली वीस पानं दोनदा वाचावी लागली.

एम.टेक.चं थोडक्यात सांगते, कारण ज्युनिअरांना तेवढंच हवं असतं. आयआयटी मुंबईत १९८५ पासून ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं एक केंद्र आहे, सगळे त्याला सितारा म्हणतात. मी तिथे शिकले. गावात राहून काम करणं हा तिथे अभ्यासाचाच भाग. गेट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तयारी कशी करायची ते मला विचारू नका, माझा स्कोअर सांगण्यासारखा नाही.

कायद्याकडे मात्र मी आपण होऊन गेले नाही, ओढली गेले. दोन चुलतभावांची सामाईक विहीर, आठ-आठ आण्यांचा हिस्सा, सातबाऱ्यावर नोंद, पाण्याच्या पाळ्या आजोबांच्या वेळेपासून ठरलेल्या. एकाने आपल्या बांधापासून दहा पावलांवर ४०० फूट बोअर घेतलं आणि उन्हाळ्याच्या आत विहिरीचं पाणी खाली गेलं. दुसऱ्याने मला विचारलं, "ताई, मशिनीनं मोजून सांगा, पाणी त्यानंच खेचलं ना?" मोजलं. बोअर चालू केलं की विहिरीतली पातळी उतरत होती, बंद केलं की हळूहळू सावरत होती. आलेख इतका स्वच्छ की वर्गात दाखवावा. तो कागद घेऊन आम्ही तालुक्याला गेलो. तिथल्या साहेबांनी तो सगळा बघितला आणि विचारलं, "ही विहीर सार्वजनिक पिण्याच्या पाण्याची आहे का?" नव्हती. १९९३ च्या कायद्यात ५०० मीटरचं संरक्षण होतं ते पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवाला, म्हणजे स्रोताला. २००९ च्या अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे, पण ते अधिसूचित, म्हणजे सरकारने तसं जाहीर केलेल्या क्षेत्रात. आमचं गाव त्यात नव्हतं. आलेख घडी घालून पिशवीत.

रात्री हट्टाने मुळाशी गेले. १८८२ चा सुविधाधिकार कायदा सांगतो की आपल्या जमिनीखालचं, ठरावीक प्रवाहात न वाहणारं पाणी मालकाने आपल्या हद्दीत गोळा करावं, वापरावं, तो त्याचा हक्क. त्याच्याही मागे १८४३ चा इंग्लंडमधला एक खटला आहे. सूतगिरणीवाल्याची विहीर शेजारच्या कोळशाच्या खाणीने आटवली आणि कोर्ट खाणवाल्याच्या बाजूने गेलं. जमिनीखालचं पाणी कुठून कुठे जातं ते कोणाला दिसत नाही, मग त्यावर हक्क कसा सांगणार, असा एकूण विचार. डार्सीच्या ग्रंथाच्या तेरा वर्षं आधीची ही गोष्ट. म्हणजे पाणी जमिनीत कसं चालतं हे मांडलं जाण्याआधीच ते कोणाचं हे ठरून गेलं होतं, आणि माझ्या चुलतभावांच्या भांडणात अजून तेच चालू होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. राग होता, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटत होती.

याच वाटेवर विलासराव साळुंखे भेटले, म्हणजे वाचनात. तेही मुळात इंजिनिअर, पुण्यात कारखाना चालवणारे. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी पुरंदर तालुका बघितला आणि नायगावला काम सुरू केलं, त्याची पुढे पाणी पंचायत झाली. माझ्या वर्गातल्या कुणी ते काम केलं असतं तर पंप आणि पाइपवर थांबलं असतं. साळुंख्यांनी नियम घडवले. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने, माणशी अर्धा एकर, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच. भूमिहीनांनाही वाटा. ऊस बंद. मला ते डिझाइनच वाटतं, बीमचं असतं तसं, कुठे किती ताण येणार याचा अंदाज घेऊन केलेलं. ते राज्यभर का पसरलं नाही, यावर माझं मत आहे, पण ते लिहिलं तर उसाच्या पट्ट्यातले माझे निम्मे नातेवाईक बोलायचे थांबतील.

आता किंमत. बाबा म्हणतात, "एक ना धड, भाराभर चिंध्या." ते अगदीच खोटं नाही. बरोबरच्या मुलांच्या पगाराशी तुलना करणं मी सोडून दिलंय. गेल्या वर्षी ओळखीच्या एकांनी घराच्या स्लॅबचं ड्रॉइंग तपासायला पाठवलं. मी तासभर बघितलं आणि मैत्रिणीकडे धाडून दिलं, कारण सळईचा हिशेब हातातून गेलाय. भूवैज्ञानिकांच्या बैठकीत मी 'त्या इंजिनिअर मॅडम', समाजशास्त्रवाल्यांच्यातही 'त्या इंजिनिअर मॅडम', आणि इंजिनिअरांच्यात 'एनजीओवाल्या'. प्रत्येक ठिकाणी मागच्या बाकावर बसून पहिलीपासून सुरुवात करावी लागते. तिशीच्या उंबरठ्यावर ते जड जातं.

आणि 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द मला आवडत नाही. पोस्टरवर शोभतो. त्या नावाने सहा आठवड्यांचे सर्टिफिकेट कोर्स निघालेत, त्यांत थोडं हे, थोडं ते, चिवड्यासारखं. ज्युनिअर विचारतात की दुसरा विषय कोणता घेऊ. मी उलट विचारते, तुझा पहिला विषय तुला कुठे अडला? अजून अडला नसेल तर थोडं थांब, तेच आणखी कर. मला जिऑलॉजी 'घ्यायची' नव्हती. माझा बांध भरला होता आणि विहिरी कोरड्या होत्या.

सध्याचं सांगते, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा विचारायला नको. एका गावात आम्ही दोन वर्षं पाण्याचा ताळेबंद मांडतोय. पाऊस किती, मुरलं किती, विहिरींत किती, त्यावरून रब्बीला काय पेरायचं. गेल्या ऑक्टोबरात ग्रामसभेत सगळ्यांनी हात वर करून ठरवलं, कांदा कमी करायचा, ज्वारी-हरभरा वाढवायचा. मी फळ्यावर आकडे लिहिले. टाळ्या झाल्या. पंधरा दिवसांनी लोणंदच्या बाजारात कांद्याचा भाव चढला आणि महिन्याभरात गावात जिकडे तिकडे कांद्याची रोपं. ज्यांनी पहिल्यांदा हात वर केला होता, त्यांच्याच वावरात सगळ्यात जास्त. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, तुमचा हिशोब बराबर हाय. पर त्यात भाव कुठं लिवलाय?"

नव्हता लिहिला. आता बाजार समितीचे दहा वर्षांचे भाव उतरवून घेतेय. अर्थशास्त्राच्या एका मॅडमना फोन केलाय, त्यांनी मंगळवारी बोलावलंय.