मॅचलेस डीसी-३० की कार रॅम्बलर: अ‍ॅम्प निवडतानाचा माझा अनुभव

मी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या केरी या गावी राहतो आणि येथील मराठी मंडळींच्या हौशी वाद्यवृंदात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. गणेशोत्सव, दिवाळी आणि अधूनमधून एखाद्या घरगुती मैफलीत भावगीते आणि जुनी हिंदी चित्रपटगीते, असे आमच्या वादनाचे स्वरूप आहे. कित्येक वर्षे साध्या ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पवर (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्रावर) काम भागवल्यानंतर हाताने बांधलेला, आयुष्यभर पुरेल असा एकच व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, अ‍ॅम्प घ्यायचा असे मी ठरवले, आणि पाहता पाहता निवड दोन नावांवर येऊन थांबली: मॅचलेस कंपनीचा डीसी-३० आणि कार अ‍ॅम्प्लिफायर्सचा रॅम्बलर. दोन्ही बुटीक म्हणून ओळखले जाणारे, मोजक्या संख्येने तयार होणारे आणि काही हजार डॉलर किमतीचे. एवढा पैसा एका पेटीत घालताना माणसाने घाई करू नये, म्हणून मी सवडीने दोन्ही अ‍ॅम्प पुन्हा पुन्हा वाजवून पाहिले. तो सगळा प्रवास येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम या दोघांचे कूळ सांगायला हवे, कारण त्यांच्या आवाजातला फरक तेथूनच येतो. मॅचलेस ही कंपनी मार्क सॅम्पसन आणि रिक पेरोटा यांनी १९८९ मध्ये लॉस एंजेलिस येथे सुरू केली, आणि डीसी-३० हे तिचे सर्वांत प्रसिद्ध काम. त्याचा पाया इंग्लंडच्या व्हॉक्स कंपनीच्या एसी-३० अ‍ॅम्पचा: शेवटच्या टप्प्यात चार ईएल८४ व्हॉल्व्ह, साधारण ३० वॅट शक्ती आणि बारा इंची दोन स्पीकर, तेही मुद्दाम वेगवेगळ्या जातीचे, म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. ईएल८४ हा मुळात रेडिओसाठी बनलेला लहानखुरा व्हॉल्व्ह; युरोपीय बनावटीच्या कितीतरी जुन्या रेडिओंत तोच असे. रॅम्बलरचे घराणे मात्र अमेरिकन. स्टीव्ह कार यांचा कारखाना याच राज्यात पिट्सबरोला, म्हणजे आमच्या घरापासून गाडीने फार तर पाऊण तासावर उभा राहिला. रॅम्बलरमध्ये दोन 6एल6 व्हॉल्व्ह, बारा इंची एक स्पीकर, स्प्रिंगचा रिव्हर्ब (घुमारा) आणि ट्रेमोलो (आवाजाची लयबद्ध थरथर) आहे. साठच्या दशकातल्या फेंडर कंपनीच्या अ‍ॅम्पची आठवण करून देणारी ही मांडणी २८ वॅटवर चालते आणि एका खटक्याने १४ वॅटवर येते.

माझ्या ओळखीच्या एका वादकाकडे डीसी-३० होता आणि त्याने तो मोठ्या मनाने सरावाच्या जागी आणून ठेवू दिला. रॅम्बलर एका दुकानातून परतीच्या बोलीवर आणला. त्यामुळे दोघांना एकाच खोलीत, एकाच गिटारवर, एकाच वायरने ऐकण्याची संधी मिळाली. अशी तुलना करताना एक पथ्य मी कटाक्षाने पाळले. जो आवाज जरासा मोठा असतो तो कानाला नेहमीच अधिक भरदार आणि अधिक चांगला वाटतो, मग तो फरक एक-दोन डेसिबलचा का असेना. म्हणून फोनवरच्या ध्वनिमापकाने दोघांची पातळी आधी जुळवून घेतली आणि मगच कानांना कौल विचारला. हे केले नाही तर तुलनेला काही अर्थ राहत नाही असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानात पाच मिनिटे वाजवून घेतलेले बहुतेक निर्णय येथेच फसतात.

आता डीसी-३० विषयी. त्याला गिटार जोडायची दोन वेगळी दारे, म्हणजे चॅनेल, आहेत. पहिल्या चॅनेलमध्ये नेहमीचा 12एएक्स7 व्हॉल्व्ह आणि त्यासोबत बास व ट्रेबलची बटणे आहेत. दुसऱ्या चॅनेलमध्ये ईएफ८६ नावाचा पेंटोड जातीचा व्हॉल्व्ह आहे आणि बास-ट्रेबलऐवजी सहा पायऱ्यांचे एकच टोनचे बटण आहे. हा दुसरा चॅनेल म्हणजे डीसी-३० चा आत्मा. ईएफ८६ ची वर्धनक्षमता मोठी असल्याने तारेला नुसता स्पर्श केला तरी स्वर पुढे झेपावतो, आणि जोरात छेडल्यावर तो फाटत नाही, तर फुलत जातो. टेलिकास्टर गिटारच्या मानेकडच्या पिकअपवर (तारांचे कंपन टिपणाऱ्या भागावर) मी यमनचा निषाद घेऊन हळूच षड्जावर नेला, तेव्हा मींड संपल्यानंतरही स्वराची आस इतकी लांबली की पुढची जागा घ्यायला हात धजेना. हलके वाजवले की स्वच्छ, दाबून वाजवले की दाणेदार, आणि हे सारे कोणत्याही बटणाला हात न लावता, केवळ उजव्या हाताच्या वजनावर. गाणाऱ्या गळ्याच्या इतका जवळ जाणारा अ‍ॅम्प मी दुसरा ऐकलेला नाही.

या व्हॉल्व्हची एक खोड मात्र जाणून घ्यावी. ईएफ८६ मायक्रोफोनिक होतो, म्हणजे त्याच्या आतले बारीक धातूचे भाग कंपनाने हलतात आणि ती कंपने आवाजात उतरतात. अ‍ॅम्प चालू असताना मी पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने त्या व्हॉल्व्हवर अलगद टिचकी मारली, तर स्पीकरमधून घंटेसारखा बारीक टणत्कार आला. स्पीकर आणि व्हॉल्व्ह एकाच पेटीत असले की हा त्रास वाढतो, म्हणून चांगला, शांत ईएफ८६ निवडून बसवणे आणि एखादा जास्तीचा जवळ ठेवणे भाग पडते. चार ईएल८४ देखील या रचनेत चांगलेच तापून चालतात आणि तुलनेने लवकर बदलावे लागतात. दोष म्हणून हे सांगत नाही; अशा वाद्याचे पालनपोषण काय असते, ते घेणाऱ्याला आधी माहीत असावे एवढेच.

बांधणीच्या बाबतीत दोघांत डावे-उजवे करणे कठीण आहे. एका तंत्रज्ञाने दोन्ही अ‍ॅम्प माझ्यासमोर उघडले. त्याआधी त्याने वीज साठवणारे मोठे कपॅसिटर रीतसर रिकामे करून घेतले, कारण प्लग काढल्यानंतरही त्यांत जिवावर बेतेल एवढा विजेचा दाब साठून राहू शकतो आणि हौशी माणसाने तेथे बोट घालू नये. दोन्ही ठिकाणी छापील सर्किट बोर्ड नाही. प्रत्येक रेझिस्टर आणि कपॅसिटर हाताने वाकवून थेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सोल्डर केलेला, आणि प्रत्येक सांधा दवाच्या थेंबासारखा गुळगुळीत. वीस वर्षांनी एखादा भाग निकामी झाला तरी कोणताही जाणता कारागीर तो ओळखून बदलू शकेल. या किमतीत आपण मुख्यतः ही दुरुस्तीयोग्यता विकत घेतो आणि ती मला योग्य वाटते. मध्यंतरी एक वापरलेला डीसी-३० स्वस्तात मिळत होता, पण त्याचा स्पीकरला शक्ती पोहोचवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदललेला आढळला. अशा अ‍ॅम्पचा निम्मा स्वभाव त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये असतो, म्हणून तो मी घेतला नाही.

खरा प्रश्न उभा राहिला तो आवाजाच्या पातळीचा. बारा इंची गिटार स्पीकरला एक वॅट शक्ती दिली तरी एक मीटरवर जवळपास १०० डेसिबल आवाज होतो. शक्ती निम्मी केली तर आवाज केवळ ३ डेसिबलने उतरतो, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला शक्ती साधारण एक दशांश करावी लागते. याचा अर्थ असा की डीसी-३० च्या मागचा खटका दाबून ३० चे १५ वॅट केले काय किंवा रॅम्बलरचे २८ चे १४ केले काय, शेजाऱ्याच्या दृष्टीने त्यात फारसा फरक नाही. आणि डीसी-३० चे ते फुलणे, ज्यासाठी जीव टाकावा, ते शेवटचे व्हॉल्व्ह कामाला लागल्याशिवाय येत नाही. मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाजाचे बटण) खाली ओढला की आवाज चांगलाच राहतो, परंतु त्यातले मांस कमी होते.

स्पीकर आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये अ‍ॅटेन्युएटर लावून शक्तीचा काही भाग उष्णतेत जिरवण्याचा उपायही करून पाहिला. त्याने मदत होते, पण एका मर्यादेपर्यंतच. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले आहे की आवाज हळू झाला की माणसाच्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे स्वर मधल्या स्वरांच्या मानाने कमी ऐकू येतात. स्पीकरचा पडदाही तेवढा हलत नाही. म्हणजे उपकरण कितीही उत्तम असले तरी हळू वाजणारा डीसी-३० आणि मोठ्याने वाजणारा डीसी-३० ही कानासाठी दोन वेगळी वाद्येच राहतात.

रॅम्बलर येथे वेगळा वागला. त्याचा गाभा स्वच्छ स्वरात आहे. त्याला चांगले वाटण्यासाठी आवाज फाटण्याच्या कडेवर जावे लागत नाही. बोलण्याच्या आवाजाहून थोड्या वरच्या पातळीवरसुद्धा खर्जाच्या तारा गोल आणि भरीव येतात, वरच्या तारा टोचत नाहीत. खटका खाली केला की 6एल6 ट्रायोड नावाच्या, कमी शक्तीच्या पद्धतीने चालतात आणि शक्तीपेक्षाही स्वभाव बदलतो: वरची धार मऊ होते आणि स्वर जरा मागे सरकून बसतो. रिव्हर्बविषयी तर मला भरभरून लिहावेसे वाटते. स्प्रिंगच्या रिव्हर्बमध्ये पाण्याचा एक खळाळ असतो, तो अनेक ठिकाणी स्वराच्या पुढे पळतो. येथे तो स्वराच्या मागून येतो. ज्या गाण्यांत गिटारला दोन ओळींमधली मोकळी जागा भरायची असते, त्या गाण्यांत एवढ्यानेच काम होते. मी पाहिलेल्या डीसी-३० मध्ये रिव्हर्ब नव्हता. तो पायाखालच्या पेडलने आणावा लागला असता.

तरीही माझा कल डीसी-३० कडेच होता. निर्णय झाला तो सरावात, आमच्या गटात गाणाऱ्या काकूंमुळे. त्यांना अ‍ॅम्पविषयी काही सांगितलेले नव्हते. डीसी-३० वर आम्ही एक भावगीत पूर्ण केल्यावर त्या म्हणाल्या, "गोड वाजतंय रे, पण तुझी गिटार माझ्या शब्दांवर बसते." तेच गाणे रॅम्बलरवर झाल्यावर म्हणाल्या, "आता मला माझा श आणि स ऐकू येतोय." हे बोलणे नेमके होते. डीसी-३० ची जी खणखणीत झळाळी एकट्या गिटारला उजळवते, ती दोन ते चार हजार हर्ट्‌झच्या परिसरात अधिक भरलेली असते, आणि गाणाऱ्याच्या व्यंजनांची स्पष्टताही बरीचशी तेथेच असते. कट नावाचे बटण फिरवून ती झळाळी कमी करता येते, मी ती केलीही. पण मग डीसी-३० घेण्याचे कारणच कमी होत जाते. भावगीतात शब्द आधी. त्याला साथ करणाऱ्या वाद्याने त्याची जागा घेऊ नये, ही शिकवण मला पुण्यात हार्मोनियमवाल्या गुरुजींकडून मिळाली होती आणि ती गिटारलाही लागू आहे.

मी रॅम्बलर घेतला. स्वतंत्र वाद्य म्हणून डीसी-३० अधिक थोर आहे असे मी आजही मानतो, आणि ज्याला ढोलकी, ड्रम आणि बासच्या जोडीने मोठ्या मंचावर वाजवायचे आहे, पेटी उचलायला दुसरे माणूस हाताशी आहे, त्याने तोच घ्यावा असे मी सांगेन. माझे वादन बैठकीच्या खोलीत, मंदिराच्या सभागृहात आणि दीडशे-दोनशे श्रोत्यांपुढे होते. तेथे माझ्या पातळीवर, रोजच्या रोज, पूर्ण स्वरूपात ऐकू येणारा अ‍ॅम्प रॅम्बलर हाच होता.

भारतात नेण्याचा विचार करणाऱ्यांसाठी एक सूचना: येथला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प तेथील २३० व्होल्टच्या विजेवर थेट लावता येत नाही. योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो किंवा मुळातच २३० व्होल्टचा अ‍ॅम्प मागवावा लागतो, आणि हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावे. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प कधीही चालू करू नये, हेही घरातल्या सर्वांना सांगून ठेवलेले बरे. येत्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी तो १४ वॅटवर ठेवून, स्पीकरच्या मध्यापासून किंचित बाजूला एक एसएम५७ माइक लावून सभागृहाच्या ध्वनियंत्रणेत देणार आहे, म्हणजे मंचावरचा आवाज काकूंना हवा तेवढाच राहील.