चोर्ला घाट, आमची फियाट आणि चपटा झालेला पाईप

आधी निकाल सांगतो. जुनी गाडी घेऊन गोव्यातल्या साखळीहून बेळगावला यायचं असेल तर कणकुंबी-जांबोटीचा रस्ता खराब असताना चोर्ल्याने येऊ नका. अनमोड-रामनगर-खानापूर असा वळसा पडला तरी चालेल. आणि घाटाआधी गाडीचा खालचा होज पाईप, म्हणजे रेडिएटरमधून इंजिनाकडे पाणी नेणारा रबरी पाईप, हाताने दाबून बघा. हे दुसरं मला कुणी सांगितलं नव्हतं. घाटाचं मात्र सगळ्यांनीच सांगितलं होतं: "घाट सांभाळ, वर आलास की मग काय, सपाटच आहे." त्या सपाटीनेच माझे साडेपाच तास खाल्ले.

गाडी १९८२ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आमच्या घरात अजूनही 'फियाट'च. १०८९ सीसीचं इंजिन, खाली बिडाचा ब्लॉक, वर अॅल्युमिनियमचं हेड. बाबांनी वापरली, आता मी वापरतो. उन्हाळ्यात जरा हीट मारायची म्हणून निघायच्या आधी आठवड्याभरापूर्वी बेळगावातल्या एका गॅरेजात दिली होती. "कूलिंगचं सगळं काम" या नावाखाली ४,५०० रुपये घेतले. केलं काय, तर दोन्ही होज पाईप बदलले, फॅन बेल्ट बदलला आणि थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारी वॉल) काढून टाकला. "वॉल कशाला पाहिजे आपल्याकडं? काढली की गाडी थंड." मी मान डोलावली. चूक माझी.

जाताना कसलाच त्रास नाही. उतारच तो. साखळीला बहिणीकडे दोन दिवस राहिलो, मासे खाल्ले, छान झालं.

परतताना केरी सोडलं आणि चढ लागला. डॅशबोर्डाखाली मी वेगळा टेंपरेचर मीटर बसवून घेतलाय. सपाटीवर काटा ७०-७५ अंशांवर होता. चौथ्या-पाचव्या वळणाला ९५, मग १०५. सोबत मेव्हणा होता. त्याचा सल्ला: "गिअर खाली टाका, रेस ठेवा, फॅन जोरात फिरेल." एरवी हे बरोबरच. पंप आणि फॅन एकाच बेल्टवर, इंजिन जोरात फिरलं की पाणीही जोरात फिरतं आणि हवाही जास्त ओढली जाते. पण आमची गाडी दुसऱ्यात घातली की काटा चढायचा आणि थांबवून न्यूट्रलला सोडली की पाच मिनिटांत खाली यायचा. तिथेच डोक्यात दिवा लागायला हवा होता. नाही लागला. तीनदा थांबत, वाफ सोडत कसेबसे वर आलो. घाटात फोनला रेंज नाही, हे गृहीत धरूनच निघा.

वर आलो, हुश्श केलं, आणि कणकुंबीच्या अलीकडे रस्ता संपला. म्हणजे नकाशावर आहे. जमिनीवर खड्डे होते आणि दोन खड्ड्यांच्या मध्ये डांबराची आठवण. मोठी गाडी समोरून आली की धुळीत दोन मिनिटं काही दिसत नाही. पहिला गिअर, दुसरा, पुन्हा पहिला. क्लच, ब्रेक, रेस. ताशी दहाच्या वर काटा गेला नाही. एप्रिलची दुपार, समोरून वारा नाही, आणि खड्ड्यातून बाहेर काढायला प्रत्येक वेळी रेस द्यावी लागते. घाटात निदान थांबायला कठडा आणि सावली होती. इथे तीही नाही. कणकुंबी गावाजवळ बॉनेटमधून रेल्वेच्या इंजिनासारखी वाफ आली आणि गाडी स्वतःच बंद पडली.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगतो. रेडिएटरची कॅप लगेच उघडू नका. समुद्रसपाटीपासून कणकुंबी जवळपास ८०० मीटर उंच. मलप्रभेचा उगम तिथलाच. इतक्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९७ च्या आसपासच उकळतं. रेडिएटरमध्ये ते १०५ ला गप्प बसतं ते फक्त कॅपच्या दाबामुळे. दाब सोडला की सगळं पाणी एकदम तोंडावर. मेव्हणा फडकं घेऊन पुढे सरसावला होता, त्याला ओढून मागे घेतलं. चाळीस मिनिटं थांबा. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, अॅल्युमिनियमचं हेड वाकडं व्हायला वेळ लागत नाही.

तेवढ्यात ओळखीच्या ओळखीने एक टोइंगवाला फोनवर आला. बेळगावपर्यंत ९,५००. अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आत-बाहेर. आणि वर फुकटचं निदान: "हेड गॅस्केट गेलं साहेब, हेड खोलावं लागणार." फोनवरून! गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग, गेलंय का ते कळायला हेड खोलावं लागत नाही. डिपस्टिक काढा, ऑइल दुधाळ चहासारखं झालंय का बघा. गाडी गार असताना कॅप काढून चालू करा, पाण्यात सारखे बुडबुडे येतायत का बघा. सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबतच नाही का बघा. आमचं ऑइल काळं आणि स्वच्छ होतं. गार झाल्यावर पाणी भरून चालू केली, बुडबुडे नाहीत. टोइंगवाल्याला नमस्कार सांगितला.

काजूच्या पोत्यांचा एक टेम्पो शेजारी थांबला. ड्रायव्हर पन्नाशीचा, जांबोटीकडचा. त्याने काही विचारलंच नाही. सरळ बॉनेटखाली डोकं घातलं आणि म्हणाला, "काका, चालू करा. आता रेस करा बघू. आणि जरा. आणि करा की."

मी रेसची केबल हाताने ओढली. तो खालच्या पाईपकडे बोट दाखवत हसायला लागला. "हे बघा, पाईप चेपायलाय."

खरंच. न्यूट्रलला तो पाईप गोल गरगरीत. रेस वाढवली की विडीचा दम ओढताना म्हाताऱ्याची गालफडं आत जातात तसा तो मधोमध आत जायचा, आणि आणखी ओढली की दोन्ही बाजू एकमेकींना चिकटायच्या. रेस सोडली की पुन्हा गोल. म्हणजे इंजिनाला जेव्हा सगळ्यात जास्त पाणी हवं, नेमकं तेव्हाच नळ बंद! खालच्या पाईपातून पंप पाणी खेचून घेतो, म्हणून या पाईपाच्या आत तारेची स्प्रिंग असते. जुन्या पाईपात होती. नव्यात नव्हती.

त्याने टेम्पोतून कुंपणाची जाड तार काढली, पान्याच्या दांड्याभोवती गुंडाळून वेटोळं केलं. आम्ही कॉक सोडून पाणी बादलीत घेतलं, क्लिप ढिली केली, वेटोळं पाईपात सरकवलं, पुन्हा बसवलं. तासाभराचं काम. पैसे घेईना. शेवटी मुलांसाठी म्हणून साखळीहून आणलेली फणसपोळी दिली.

तिथून जांबोटीपर्यंत रस्ता तसाच. काटा ९५ च्या वर गेला नाही, पण ९५ वर होता. जांबोटीत पुन्हा बंद पडली, तेव्हा पोटात गोळा आला. पण ते वेगळंच निघालं: गाडीच्या पेट्रोल पंपात वाफ धरली होती. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांचं हे दुखणं हीटिंगसारखंच दिसतं आणि लोक उगाच रेडिएटर खोलत बसतात. इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवलं, चहा घेतला, चालू झाली. किणये, पिरनवाडी करत रात्री साडेआठला घरी.

पण ९५ का? दुसऱ्या दिवशी गाडी गरम करून बंद केली आणि रेडिएटरच्या जाळीवर हात फिरवला. वरचा भाग चटका देणारा, खालचा उजवा कोपरा कोमट. म्हणजे तिथून पाणी जातच नव्हतं. रेडिएटरवाल्याने टाकी उघडली, तेव्हा नळ्यांच्या तोंडाशी पांढरी खपली आणि तपकिरी चिखल. बाबा वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घालायचे, त्याचा क्षार. रेडिएटर चोक, म्हणजे तुंबलेला, म्हणून पंप जास्त जोराने ओढणार, म्हणून मऊ पाईप आणखी चेपणार. दोन्ही दुखणी एकमेकांना धरून. सळ्या मारून, डाक देऊन १,४०० रुपये. जुना पितळी-तांब्याचा रेडिएटर असेल तर हे होतं, नव्या प्लॅस्टिक टाकीवाल्याला नाही.

तुमची गाडी कुठे तापते ते आधी लिहून ठेवा. बेळगावच्या खडेबाजारच्या गर्दीत तापते आणि हायवेवर थंड होते? मग फॅन, बेल्ट, हवा. गर्दीत ठीक आणि चढाला किंवा वेगात तापते? मग पाणी फिरत नाही: चोक, पाईप, पंप. दोन्हीकडे तापते आणि ओढतही नाही? मग टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) मागे पडलंय का बघा. आमची खडेबाजारात अर्धा तास उभी राहूनही कधी तापली नव्हती, आणि तरी मी नव्या फॅन बेल्टचे पैसे दिले होते.

आणि थर्मोस्टॅट काढू नका. काढला की सपाटीवर काटा खाली राहतो, आपल्याला वाटतं काम झालं, आणि आजार घाटापर्यंत झाकलेला राहतो. शंका असेल तर पातेल्यात पाण्यात टाकून उकळा, त्याच्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास उघडतो का बघा. उघडत नसेल तर नवा घाला. पाण्यात निम्मं कूलंट. बोअरचं पाणी फक्त जीव वाचवण्यापुरतं.

सोमवारी त्या गॅरेजात गेलो. पाईपातली स्प्रिंग कुठे, विचारलं. "गंजली होती, टाकली." माझी वॉल? त्याने टेबलाचा खालचा खण ओढला. आत सात-आठ थर्मोस्टॅट पडले होते, ग्रीस लागलेले, एकावर एक.

"तुमची कुठली ती बघून घ्या," म्हणाला.