६४ किलोंची फोड

माझी उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ६४ किलो असल्यामुळे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.७ येतो, म्हणजे भारतीयांसाठी धरलेल्या २३ च्या मर्यादेच्या आतच; तरीही वार्षिक तपासणीत उपाशीपोटीची साखर काठावर आली आणि कंबर ९२ सेंटिमीटर भरली, तेव्हा फोंड्यातील आमच्या डॉक्टरांनी वजनाचा विषय बाजूला ठेवून चरबी मोजून घेण्यास सांगितले. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र दिले होते. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांची चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. उंचीच्या वर्गाने वजनाला भागल्यावर हा फरक दिसणार तरी कसा?

प्रथम जिममधील यंत्रावर उभा राहिलो. ते शरीरातून सौम्य वीजप्रवाह सोडते. पाणी अधिक असलेल्या स्नायूंतून तो सहज जातो, चरबी त्याला अडवते, आणि या अडथळ्यावरून यंत्र अंदाज बांधते. साहजिकच पोटात गेलेले पाणी, नुकताच झालेला व्यायाम, इतकेच काय, दिवसाची वेळही आकडा हलवते. मला सायंकाळी २४ टक्के आणि सकाळी अनशापोटी २७ टक्के मिळाले.

म्हणून डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाड आणि चरबी मोजणारे स्कॅन, करायचे ठरवले, आणि खरी दमछाक तिथेच झाली. फोनवर विचारावे तिथे ‘हाडांची तपासणी ना?’ असाच प्रतिप्रश्न येई, कारण हे यंत्र बहुधा खुबा आणि मणक्याच्या हाडांची घनता पाहण्यासाठी वापरले जाते. चरबी आणि स्नायूंचा अहवाल हवा असल्यास संपूर्ण शरीराचे स्कॅन स्पष्ट शब्दांत मागावे लागते. पणजीतील एका केंद्रात ते मिळाले. पट्टा, साखळी, घड्याळ काढून, हात शरीरापासून किंचित दूर ठेवून, निपचित पडून राहायचे. वरून यंत्राचा हात सावकाश सरकत जातो. दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण वापरून हाड, चरबी आणि उरलेले ऊतक वेगळे केले जाते. किरणोत्सर्ग अत्यल्प असला तरी गर्भवतींसाठी ही तपासणी नव्हे.

अहवालात चरबी २९ टक्के, म्हणजे साडेअठरा किलो निघाली, आणि त्यातील बराच भाग पोटावर. हातपाय मात्र काटकुळे. दुपारी ताटभर शीत-कडी (भात-कालवण) आणि पुढे वामकुक्षी, हा आमच्याकडचा क्रम स्नायूंना फारसा मानवत नसावा.

डॉक्टरांनी उपास सांगितला नाही. वजने उचलायला आणि प्रत्येक जेवणात मासे, अंडी किंवा कडधान्य ठेवायला सांगितले. काही महिन्यांनी त्याच यंत्रावर, त्याच वेळी पुन्हा मोजले, तेव्हा वजन जेमतेम अर्धा किलो उतरले होते, पण चरबी दोन किलोंनी घटली होती आणि स्नायू दीड किलोने वाढले होते. मधल्या काळात घरी मोजपट्टी पुरते. शेवटची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचे वरचे टोक यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता ती धरायची.