लोअर ईस्ट साइडमधला रविवार

काल आमचा न्यू जर्सीचा मराठी ग्रुप मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला गेला होता. आधी यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या, गाण्यांच्या साथीनं ब्रंच. बेगल, क्रीम चीज, स्मोक्ड सामन आणि समोर क्लॅरिनेट, व्हायोलिन, अकॉर्डियन. क्लेझमर या त्यांच्या पारंपरिक संगीतातलं क्लॅरिनेट रडता रडता हसायला लागतं! शब्द कळत नव्हते, तरी आमच्यातल्या एका काकूंचे डोळे भरून आले.

मग पायी भटकंती. एल्ड्रिज स्ट्रीटचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १८८७ चं, पूर्व युरोपातून आलेल्या स्थलांतरितांनी उभारलेलं. रंगीत काचांमधून उतरणारं ऊन बघत आम्ही तिथे बराच वेळ बसून राहिलो. पुढे ईस्ट ब्रॉडवेवर 'फॉरवर्ड' या यिडिश दैनिकाची जुनी १० मजली इमारत, दर्शनी भागावर मार्क्स आणि एंगल्स कोरलेले. कपड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या कामगारांचं हे वर्तमानपत्र. आता तिथे महागडे फ्लॅट आहेत, ते मनाला फार लागलं.

परतताना कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचा विषय निघाला. त्यांची मायबोली मराठी, आणि १९व्या शतकात त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली. कुणाकडे त्यांची ध्वनिमुद्रणं आहेत का? असतील तर जरूर कळवा, आम्हा सगळ्यांना ऐकायची आहेत.