कोन मरी गया रे भो?

अमळनेरात माझं रेडियमचं दुकान आहे. सरकारी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट आल्यापासून 4141 चं 'दादा' आणि 8055 चं 'बॉस' करून मागणारी पोरं कमी झाली. (तसली प्लेट बेकायदाच, पण पैसे सुटायचे, खोटं कशाला बोलू.) आता उरलंय काचेवरचं काम. देवाचं नाव, आईबापाचं नाव, नाहीतर आद्याक्षरं.

त्या दिवशी एक जण नवाकोरा छोटा हत्ती घेऊन आला. आरशाला झेंडूचा हार, काचेखाली ओल्या कुंकवाचं स्वस्तिक. त्याचं नाव 'आर'वरून, वडिलांचं 'आय'वरून, आडनाव पाटील. आमच्याकडे दगड फेकला तर पाटलालाच लागतो. "भाऊ, इंग्रजीत तीन अक्षरं टाका, लांबून दिसली पाहिजेत." मधलं अक्षर बापाचं, याचं त्याला फार अप्रूप.

मी प्लॉटरवर सहा इंची पांढरी अक्षरं कापली. सोलताना एकेक अक्षरच दिसतं, शब्द दिसत नाही. काचेवर पाणी मारलं, बुडबुडे काढले, वरचा कागद ओढला. तेवढ्यात चहावाला पोरगा आला. ग्लास हातातच ठेवून काचेकडे बघत म्हणाला, "कोन मरी गया रे भो?"

मग दिसलं. गावात कोणी गेलं की व्हॉट्सॲपवर जी तीन अक्षरं रांगेनं पडतात, तीच. आर, आय, पी. आणि त्यांच्या बरोबर खाली, काचेमागे, पांढरी टोपी घातलेले वडील आमच्याकडे बघून हसत होते.

मी हळूच विचारलं, "मधला आय काढू का?"

"बापनं नाव काढानं नही!"

मग मराठीत मांडून बघितलं. रा. ई. पाटील. केळी वाहणारी गाडी आणि वर 'राई'! मला आमचे गुरुजी आठवले. नाव 'ना'वरून, वडिलांचं 'पा'वरून, आडनाव 'स'वरून. प्रगतिपुस्तकावर ना.पा.स. अशी सही करायचे. पास झालेली पोरंही रडत घरी जायची. आणि याच अमळनेरात 1945 साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची वनस्पती तुपाची कंपनी निघाली. तिचं लांबलचक नाव आखडून 'विप्रो' झालं आणि जगभर गेलं. आमची तीन अक्षरं दुकानाच्या पायरीवरच अडली होती.

शेवटी हीट गन लावून सगळं काढलं आणि वडिलांचं पूर्ण नाव टाकलं, पुढे 'कृपा'. पहिल्या अक्षरांचे पैसे घेतले नाहीत, वाचायचं काम माझंच होतं.

म्हातारबा खाली उतरले. काचेवर बोट फिरवत स्वतःचं नाव वाचलं. मग मुलाला म्हणाले, "पहिलामा काय खोट व्हती?"

पोरगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "स्पेलिंग चुकनं व्हतं, आप्पा."