डिलाइट १९६९ : ब्रेक झाले, रंग अडला, ‘ओरिजिनल’चा वाद चालू

मी जुनी गाडी पुन्हा उभी करतो आहे, त्या कामाची ही नोंद. गाडी फियाट ११०० डिलाइट, पहिली नोंदणी १९६९, मुक्काम कोल्हापूर. आजची स्थिती: पत्राकाम संपलं, इंजिन बसून चालू झालं, ब्रेक पूर्ण, वायरिंग निम्मं, रंग बाकी.

काम चालू असताना दोघे जण गाडी बघून गेले. एक पुण्याचे काका. त्यांची स्वतःची डिलाइट हबकॅपपासून हॉर्नच्या रिंगपर्यंत कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तशी आहे. त्यांनी बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलची दोन कप्प्यांची बाटली बघितली आणि म्हणाले, “ही या गाडीची नव्हे. आता हिला ओरिजिनल म्हणू नका.” दुसरा इचलकरंजीचा तरुण. त्याच्या पद्मिनीत, म्हणजे याच गाडीच्या पुढच्या अवतारात, मारुतीचं १.३ लिटरचं इंजिन आहे, पाच गिअर आहेत आणि पुढे डिस्क ब्रेक. तीच बाटली बघून तो म्हणाला, “दादा, एवढा खर्च केलाय, मग ड्रम कशाला ठेवले?”

दोघांशीही तेव्हा घाईत बोललो. आता कामाच्या नोंदीबरोबर नीट मांडतो, कारण आपल्या छंदातल्या बऱ्याच मैत्र्या याच मुद्द्यावर तुटताना मी पाहिल्या आहेत.

आधी इंजिन. १०८९ सीसी, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. आधीच्या मालकांनी बोअर वाढवत वाढवत शेवटाला नेला होता, आणखी वाढवायला धातूच शिल्लक नव्हता. उद्यमनगरात स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसणारी नळी) बसवून बोअर पुन्हा ६८ वर आणला. हेडमधल्या पाण्याच्या वाटा खाऊन गेल्या होत्या. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी घातलं की ॲल्युमिनियमचं हेच होतं. त्या जागा आरगॉन वेल्डिंगने भरून हेड फेस, म्हणजे सपाट, करून घेतलं. काकांना यातलं काहीच खटकलं नाही. चार नव्या स्लीव्ह, नवे पिस्टन, भरलेलं हेड, तरी त्यांच्या लेखी इंजिन ओरिजिनल. खटकली ती वरून दिसणारी बाटली. डोळ्यांना दिसतं त्याला आपण फार जास्त वजन देतो, असं मला ठामपणे वाटतं.

मुळात ‘कारखान्यातून निघाली तशी’ म्हणजे कुठल्या वर्षी निघाली तशी? प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये वालचंद हिराचंदांनी काढली. त्यांची मॉडेलं क्रमाने अशी: डुक्कर फियाट, मग सिलेक्ट, आणि १९६४ पासून डिलाइट. इटलीतल्या ११०० डी मध्ये १२२१ सीसीचं इंजिन होतं. आपल्याकडे तोच साचा आला, पण इंजिन १०८९ सीसीचंच राहिलं. म्हणजे तुरीनच्या, फियाटच्या मूळ गावाच्या, हिशेबाने आपली गाडी पहिल्या दिवसापासून वेगळी आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फियाटचं नाव गेलं, थोडे दिवस ती प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. पुढे जाळी बदलली, डॅशबोर्ड बदलला, डिझेलचं १३७डी आलं, शेवटी शेवटी स्टिअरिंगवरचा गिअर जाऊन फ्लोअर गिअर आला. पस्तीस वर्षांच्या आसपास कारखाना स्वतःच या गाडीत बदल करत होता. तिथे १९६९ ची गाडी १९६९ सारखी ठेवायची, हा आग्रह मला मान्य आहे आणि प्रिय आहे. मात्र ‘पद्मिनीचं ओरिजिनल’ असं एकच काहीतरी पवित्र रूप आहे, हे मान्य नाही.

आता ब्रेक. या भागावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

डिलाइटला चारही चाकांना ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून लायनर दाबून धरतात) आणि हायड्रॉलिक सर्किट एकच. पेडलने चालणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये एक पिस्टन, त्यातून निघणारा दाब चारही चाकांना. कुठलाही एक पाइप फुटला, एका व्हील सिलिंडरचा वॉशर गेला, की पेडल थेट तळाला आणि चारही ब्रेक एकदम गेले. उरतो फक्त हँडब्रेक. शहरात तेवढ्यावर गाडी कशीबशी थांबवता येईल. पण आमच्याकडून कोकणात उतरायचं म्हणजे आंबोली, फोंडा नाहीतर गगनबावड्याचा घाट, आणि तिथे माझ्या मागे भरलेला ट्रक असतो.

टँडम मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक दोन पिस्टन असतात, पुढच्या आणि मागच्या चाकांची सर्किटं वेगळी. एक गेलं तरी दुसरं धरतं. मी तो बसवला, काकांना खटकलेली दोन कप्प्यांची बाटली त्याचीच. बसवताना दोन गोष्टी सांभाळल्या. पहिली, मूळ सिलिंडरच्या बोल्टच्या भोकांवरच बसेल अशी पोलादी ॲडॅप्टर प्लेट करून घेतली. पत्र्याला नवीन भोक नाही. दुसरी, नव्या सिलिंडरचा बोअर जुन्याएवढाच निवडला. हे कुणी दुर्लक्षू नका. बोअर मोठा घेतला तर पेडल कडक होतं आणि त्याच ब्रेकसाठी पाय जास्त दाबावा लागतो. लहान घेतला तर पेडल फार खाली जातं. जुना सिलिंडर ग्रीस लावून, पिशवीत बांधून, पाइपांच्या तुकड्यांसकट डब्यात ठेवला आहे. ज्याला हवा त्याने एका दुपारी गाडी पूर्वीसारखी करावी.

मग डिस्क का नाही? उतारावर ड्रमचा दोष खरा आहे. सतत ब्रेक लावला की ड्रम तापतो, फुगून लायनरपासून लांब जातो, लायनरची पकड घटते आणि पेडल खाली खाली जाऊ लागतं. मिस्त्री पहिल्या दिवसापासून म्हणत होते, “डिस्क टाकूया की, मारुतीचा सेट मिळतोय, दोन दिवसांचं काम.” पण त्यासाठी पुढचा हब आणि स्टब ॲक्सल (ज्यावर चाक फिरतं तो दांडा) बदलावा लागतो किंवा लेथवर घासून कमी करावा लागतो. एकदा घासलेला स्टब परत मूळचा होत नाही, आणि डिलाइटचे चांगले स्टब आता मिळत नाहीत. शिवाय या गाडीचा वेग बघता नीट जमवलेले ड्रम पुरतात. चारही ड्रम टर्न केले, लायनर ड्रमच्या गोलाईला घासून बसवले, व्हील सिलिंडर नवे, होज नवे. ब्रेक ऑइल डॉट ४ भरलं: ते कोरडं असताना २३० अंशांना उकळतं आणि पाणी शोषल्यावर १५५ ला, डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. आमच्या पावसाळ्यात पाणी शोषलं जाणारच, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. आणि घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा, जसा या गाड्यांनी कायम उतरला.

माझी रेघ इथे आहे. बोल्टने जे बसतं आणि बोल्टने निघतं, ते चालेल. दुरुस्ती सोडली तर कटर, ग्राइंडर किंवा लेथ मूळ भागावर चालवायचा नाही. काकांना मी हेही सांगितलं की जुन्या गाड्यांची जागतिक संघटना ‘फिवा’, जिची ३० वर्षांची व्याख्या ते नेहमी सांगतात, तिच्याच २०१२ च्या तुरीन सनदेत हे आहे: सुरक्षिततेसाठी बदल करावे लागले तर ते कमीत कमी असावेत, परत काढता येतील असे असावेत आणि काढलेले भाग गाडीबरोबर जपावेत. ओरिजिनलवाल्यांच्या घरातलंच हे मत आहे. काका गप्प राहिले, पण जाताना त्यांनी जुन्या सिलिंडरचा डबा उघडून बघितला.

एका ठिकाणी मी ही रेघ जाणूनबुजून ओलांडली. या गाडीला सीटबेल्ट नव्हतेच. पुढे सलग बाक, बेल्ट अडकवायला जागा नाही. माझी मुलगी पुढे बसते. फरशीला चार भोकं पाडली, खालून जाड प्लेट वेल्ड केल्या आणि कमरेचे बेल्ट लावले. ही भोकं परत बुजवता येतील, पण ती पडली ती पडली. यावर मला कुणाशी वाद घालायचा नाही.

पेट्रोलच्या बाबतीत ओरिजिनलवाल्यांनी ऐकायलाच हवं. पंपावर आता ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. जुन्या रबराच्या नळ्या आणि पेट्रोल पंपाचा डायफ्राम त्यात फुगतो, मऊ पडतो, चिरतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, गाडी उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ होतं आणि इंजिन गरम चालतं. मी नळ्या आणि डायफ्राम इथेनॉल सोसणारे घेतले, टाकी आतून साफ करून घेतली, सोलेक्स कार्ब्युरेटरचा मेन जेट (ज्यातून पेट्रोल येतं ते भोक) थोडा मोठा घेतला आणि प्लगचा रंग बघून जमवला. जुना जेट डब्यात. १९६९ चं रबर १९६९ च्या पेट्रोलसाठी होतं. ते तसंच ठेवायचं म्हणजे गरम मॅनिफोल्डजवळ पेट्रोल गळू देणं.

वायरिंगबद्दल थोडक्यात: डायनामो ठेवला, आर्मेचर आणि कार्बन नवे. हेडलाइटला रिले दिले, ते बाहेरून दिसत नाहीत. ठिणगीसाठीचे पॉइंट-कंडेन्सर आहे तसेच, कारण रस्त्यात बंद पडली तर मला ते स्क्रू ड्रायव्हरने दुरुस्त करता येतात.

आता इचलकरंजीच्या मित्राबद्दल. इंजिन बदलण्याच्या मी विरोधात आहे आणि ते त्याला तोंडावर सांगितलं. त्याच्या गाडीत बोगदा (गिअरबॉक्सवरचा फरशीचा उंचवटा) कापला आहे, इंजिनचे माउंट कापले आहेत. ११०० ला वेगळी चासी नाही, पत्राच चासी आहे. तो कापला की गाडीचा कणाच बदलला. त्याशिवाय कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. २०२१ च्या नियमांत ५० वर्षांपुढची गाडी ‘व्हिंटेज’ ठरते, पण चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल नसेल तरच. माझी गाडी वयाने बसते, आणि कुजलेल्या सिलवर (दाराखालच्या पट्टीवर) त्याच मापाचा पत्रा लावणं ही माझ्या समजुतीने दुरुस्ती आहे, बदल नव्हे. तरी मी तिकडे अर्ज करणार नाही. व्हिंटेज गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर काढता येते, आणि मला रविवारी आजऱ्याला जायचं असतं.

पण त्याच मुलाची दुसरी बाजू काकांना कळत नाही. त्याने ती पद्मिनी भंगारवाल्याच्या काट्यावरून उचलली. इंजिन नव्हतं, गिअरबॉक्स नव्हता, कागद तेवढे होते. ओरिजिनलवाल्यांपैकी कुणीही तिला हात लावला नसता. त्याने रात्री जागून पत्रा ठोकला, सीओटू वेल्डिंग शिकला. आज त्या गाडीमुळे त्याचे चार मित्र पद्मिनी शोधत हिंडतात. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. त्या टॅक्स्यांमुळेच इतकी वर्षं किंगपिन, बुश आणि ब्रेकचे वॉशर कुर्ल्यात सहज मिळत होते. आता ते सामान कुणीतरी मागितलं तरच बनेल, आणि मागणारे हेच विशीतले असणार आहेत. त्यांना बैठकीत हिणवणं मला सहन होत नाही. मी त्याला एकच विनंती केली: पुढची गाडी पूर्ण मिळाली तर तिला कापू नकोस, बदल बोल्टने कर, आणि काढलेलं सामान विकू नकोस. त्याने कॉलम गिअरची, म्हणजे स्टिअरिंगवरच्या गिअरची, लिंकेज मला आणून दिली, माझी झिजलेली होती. तीच आता माझ्या गाडीत आहे.

रंगावर गाडी अडली आहे. वरचा पांढरा खरवडल्यावर खाली क्रीम आणि सगळ्यात खाली फिकट निळा निघाला. डिकीच्या आत आणि दाराच्या चौकटीत तोच निळा आहे, म्हणजे तो पहिला. डिकीतला तो भाग पुसून तसाच ठेवणार आहे, त्यावर काहीही मारायचं नाही. बाकी गाडीला प्रश्न असा की जुन्या पद्धतीचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) ड्युको मारायचा की टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग). एनसीची मऊ चमक पीयूला येत नाही, पण आमच्या पावसात एनसी टिकत नाही आणि खालचा नवा पत्रा मला गंजू द्यायचा नाही. माझा कल पीयूकडे आहे, चमक थोडी उतरवून.

छटा मात्र अजून जुळत नाही. डिकीतला निळा उडाला आहे की मूळचाच इतका फिकट, हे एका गाडीवरून सांगता येत नाही. कुणाकडे १९६८ ते १९७० मधली निळी डिलाइट असेल आणि तिच्या डॅशबोर्डमागचा किंवा गालिच्याखालचा भाग कधी रंगवला नसेल, तर सकाळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून काढलेला फोटो हवा आहे. पेंटर दिवाळीनंतर मोकळा आहे, तोवर छटा पक्की करायची आहे.